५ वॅटचा व्हॉल्व्ह गिटार अँप घरी बांधताना: खान्देशातल्या नवख्यांसाठी

नवा व्हॉल्व्ह गिटार अँप घ्यायला मुंबईच्या दुकानात गेलात तर जो आकडा कानावर पडतो, त्यात आपल्याकडे बऱ्यापैकी सेकंडहँड मोटारसायकल येते. पण त्याच अँपचा मागचा पत्रा काढून आत बघितलं की दिसतं काय? लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, दुमडलेल्या पत्र्याची पेटी, लाकडी खोकं, वीस-पंचवीस सुटे भाग आणि तीन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. व्हॉल्व्ह सोडले तर बाकी सगळं करून देणारे कारागीर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी सापडतात. पंपाच्या मोटारी भरणारा वायंडिंगवाला आहे, कपाटं आणि ट्रॉल्या बनवणारा फॅब्रिकेशनवाला आहे, सुतार आहे. फक्त यांच्यापैकी कुणी गिटारचा अँप उघडून पाहिलेला नसतो, म्हणून त्यांना नेमकं काय सांगायचं ते आपल्याला ठाऊक हवं. या लेखात भर त्यावरच आहे.

सोल्डर मारता येत असेल, मल्टिमीटर हाताळलेला असेल, तर पुढे वाचा. यापैकी काहीच केलेलं नसेल तर आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं एखादं गिटारचं पेडल बांधा. त्यात चुकलात तर पेडल वाजत नाही, एवढंच. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये ३०० व्होल्ट डीसी असतो आणि तो माणूस मारतो.

कोणता अँप बांधायचा

नवख्याने डोळे झाकून फेंडर कंपनीच्या चॅम्प या अँपचं ५एफ१ हे सर्किट घ्यावं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये तयार होत होतं. कंपनी काढणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे या सर्किटची सगळी ठेवण जुन्या रेडिओसारखी आहे. तीन व्हॉल्व्ह: पुढे गिटारचा सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, त्यामागे स्पीकर चालवणारा ६व्ही६, वीज सरळ करायला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ५वाय३. फक्त एक व्हॉल्यूम. टोनचं बटणही नाही. सर्किटचा आराखडा सगळीकडे मिळतो, त्याची एक प्रत छापून भिंतीवर लावा.

५ वॅट ऐकून नाक मुरडू नका. घराच्या खोलीत ५ वॅटच्या व्हॉल्व्ह अँपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला तर शेजारी येऊन दार वाजवतात. आणि गंमत अशी की जुन्या रेकॉर्डवरचा तो किंचित फाटलेला, गोड आवाज अँप पूर्ण उघडल्यावरच येतो. ५० वॅटचा अँप घेऊन तो २ वर ठेवणाऱ्याला तो आवाज कधीच मिळत नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर याच अँपसमोर माइक लावा.

आधी घराचं अर्थिंग बघा

एकही भाग विकत घेण्याआधी हे काम करा. मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून तीन पिनी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा, मग फेज-अर्थ, मग न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १२० किंवा ४० असं काहीतरी दाखवत असेल तर तुमच्या सॉकेटची मोठी पिन फक्त शोभेला आहे. जुन्या वाड्यांत आणि मळ्यातल्या घरांत हे सर्रास दिसतं.

खड्ड्याचं अर्थिंग असलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात आणि कोरड्या मातीतून करंट नीट जमिनीत उतरत नाही. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीभर पाणी ओतत राहा. बोर्डावर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. आरसीसीबी गिटार वाजवताना वाचवतो, पण अँपच्या आतल्या ३०० व्होल्ट डीसीवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे फक्त तुमची सावधगिरी.

जुन्या रेडिओबद्दल इथेच बोलतो. काही रेडिओ एसी-डीसी दोन्हींवर चालायचे. त्यात यूएल८४, यूसीएच८१ असे 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात आणि मेन्सचा, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेचा, ट्रान्सफॉर्मर नसतोच; विजेची एक तार थेट पत्र्याला जोडलेली असते. असल्या रेडिओला गिटार जोडली तर मेन्स तुमच्या तारांवर येतो. आजोबांचा आहे म्हणून हळहळ वाटत असेल तर तो काचेच्या कपाटात ठेवा, अँप करू नका.

ट्रान्सफॉर्मर: वायंडिंगवाल्याकडे जाताना

दोन ट्रान्सफॉर्मर लागतात. मेन्सचा आणि आउटपुटचा. पहिला कोणताही चांगला वायंडिंगवाला डोळे मिटून करेल. दुसऱ्यात गोम आहे.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर साधारण ६० व्हीएचा. मधल्या पायाचं क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर असेल तर व्होल्टला ५ वेढे पडतात. म्हणजे २३० साठी ११५० वेढे, २८ गेजची तार. हाय टेन्शनला, म्हणजे ज्यातून तो ३०० व्होल्ट डीसी बनतो त्या वायंडिंगला, २७५-०-२७५ व्होल्ट हवेत: लोडखाली व्होल्टेज पडतं ते धरून प्रत्येक बाजूला १४४० वेढे, ३६ गेज. हीटरचे (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट म्हणजे ३३ वेढे आणि ५वाय३ चे ५ व्होल्ट म्हणजे २६ वेढे, दोन्हीला २० गेज. प्रायमरी (वीज आत घेणारं वायंडिंग) आणि सेकंडरी (बाहेर देणारं) यांच्या मध्ये लेदरॉइडचे, म्हणजे जाड इन्शुलेशन कागदाचे, दोन थर, हाय टेन्शनच्या प्रत्येक थरात कागद, आणि शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टी. जागा कमी पडते असं तो म्हणाला तर स्टॅम्पिंग (लोखंडी पट्ट्या) एक नंबर मोठं घ्यायला सांगा, कागद कमी करायला नको.

प्रायमरीला २१०, २३० आणि २५० असे तीन टॅप (मधूनच बाहेर आणलेली टोकं) काढून घ्या: १०५०, ११५० आणि १२५० वेढ्यांवर. स्टॅबिलायझर भरणाऱ्याला टॅप नवे नाहीत. आपल्याकडे पंपांचे तास चालू झाले की व्होल्टेज बसतं आणि पंप बंद झाले की उसळी मारतं, हे सांगायला नको. टॅप निवडताना मात्र तुमच्या घरी येणारं सर्वांत जास्त व्होल्टेज बघून निवडा. ६.३ चा हीटर ५.७ पासून ६.९ पर्यंत निभावून नेतो. २१० च्या टॅपवर अँप ठेवला आणि रात्री २५० आले, तर हीटरवर साडेसात व्होल्ट जातात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य हातोहात उडतं. कमी व्होल्टेजला आवाज थोडा मऊ पडेल, बिघडणार काही नाही.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ६व्ही६ एकटा काम करतो, त्यामुळे त्याचा ३५-४० मिलिअँपचा डीसी करंट अखंड या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून वाहतो. नेहमीसारखं स्टॅम्पिंग भरलं, म्हणजे ई आकाराची एक पट्टी इकडून, एक तिकडून, तर त्या डीसीने लोखंड आधीच तृप्त होऊन बसतं आणि गिटारच्या मंद्र सुरांना जागाच उरत नाही. उपाय सोपा आहे: सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंच्या मध्ये कागद. वायंडिंगवाला हमखास विचारेल, "भो, मझार कागद कसाले टाकाना?" कारण त्याच्या धंद्यात फट म्हणजे दोष. त्याला सांगा की यातून डीसी जातो. चांगला कारागीर असेल तर एवढ्यावर समजतो. नसेल तर दुकानात उभं राहून भरून घ्या, कारण सवयीने हात आलटून-पालटूनच पट्ट्या भरतात आणि वार्निश झाल्यावर ते बाहेरून दिसत नाही.

आकडे असे: मधल्या पायाचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर, प्रायमरी २१०० वेढे ३६ गेज, सेकंडरी ७१ वेढे २२ गेज आणि त्यातच ५० व्या वेढ्यावर टॅप. ७१ ला ८ ओहमचा स्पीकर, ५० ला ४ ओहमचा. दोन्हींत व्हॉल्व्हला साधारण ७००० ओहमचा भार दिसतो. मधला कागद ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचा ८० जीएसएमचा साधा कागद, एकच थर. आधी अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी असं गुंडाळलं तर तीव्र स्वर जास्त मोकळे येतात. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे, तिथपर्यंत हा ट्रान्सफॉर्मर पुरतो. हाय-फायच्या मापाने हा अगदीच सुमार आहे, आणि जुन्या चॅम्पचाही तसलाच होता.

जुन्यातलं वापरायचं असेल तर एकच व्हॉल्व्ह आउटपुटला असलेल्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर चालतो, त्यात फट आधीच असते. मंडपवाल्याच्या माळ्यावर पडलेल्या मोठ्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा मात्र चालत नाही. त्यात आउटपुटचे दोन किंवा चार व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये फट नसते. त्या पेटीतून ऑक्टल (आठ पिनांचे) सॉकेट, टॅग स्ट्रिप (भाग सोल्डर करायच्या पट्ट्या) आणि फ्यूज होल्डर काढून घ्या, ते उत्तम असतात.

सुटे भाग

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात रेझिस्टर, कनेक्टर, वायर, सोल्डर मिळून जातं. ४५० व्होल्टचे कंडेन्सर आणि ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कधी मिळतात, कधी नाही. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ. व्हॉल्व्ह बहुतेक करून ऑनलाइनच मागवावे लागतात. स्लोव्हाकियाच्या जेजेचे किंवा रशियातून येणारे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे १२एएक्स७ आणि ६व्ही६ या कामाला पुरेसे आहेत. १२एएक्स७ लाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात, कुठे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला मिळाला तर सोडू नका. जुन्या रेडिओतला ईएल८४ ६व्ही६ च्या जागी बसत नाही. पिना वेगळ्या, कॅथोडचा रेझिस्टर वेगळा (प्लेट, ग्रिड, स्क्रीन, कॅथोड हे व्हॉल्व्हच्या आतले भाग). तो पुढच्या अँपसाठी ठेवा.

इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर घेताना बाटलीवर दोन आकडे वाचा. ४५० व्होल्ट आणि १०५ अंश. ३५० व्होल्टचा दुकानदार "चालून जाईल" म्हणून देईल, चालत नाही. ५वाय३ लगेच तापतो, ६व्ही६ ला तापायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काही सेकंदांत करंट ओढणारं कुणी नसल्याने व्होल्टेज २७५ च्या १.४१४ पट, म्हणजे ३९० च्या घरात जातं. १०५ अंशांचं कारण आपलं हवामान. भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याच्या बंद पेटीत व्हॉल्व्हशेजारी किती होत असतील त्याचा अंदाज करा. ८५ अंशांचा कंडेन्सर तिथे लवकर सुकतो.

बाकी यादी थोडक्यात. फिल्टरला २२, १० आणि १० मायक्रोफॅरड. पहिला २२ पेक्षा मोठा नको, ५वाय३ ला झेपत नाही. त्यांच्यामध्ये १० के आणि २२ के, दोन्ही २ वॅटचे (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख). प्लेटला १०० केचे दोन, १२एएक्स७ च्या कॅथोडला १.५ केचे दोन, इनपुटला ६८ के आणि १ मेग, ६व्ही६ च्या ग्रिडला २२० के, फीडबॅकला, म्हणजे स्पीकरकडून सिग्नलचा थोडा भाग मागे आणायला, २२ के. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. कपलिंगला ०.०२२ चे दोन, त्यावर २२३ आणि ६३० व्होल्ट छापलेलं असतं. १ मेगचा लॉग व्हॉल्यूम. ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज. आणि मूळ सर्किटमध्ये नसलेला एक भाग माझ्या आग्रहाखातर: २२० के २ वॅटचा रेझिस्टर पहिल्या फिल्टर कंडेन्सरला समांतर. अँप बंद केल्यावर मिनिटभरात तो साठलेली वीज जिरवतो.

'जुना' आवाज हवा म्हणून कार्बन कंपोझिशनचे महागडे रेझिस्टर घ्या, असं सांगणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. ते रेझिस्टर खरखर करतात आणि दमट हवेत किंमत बदलतात. साधे मेटल फिल्म लावा. वाचलेल्या पैशांत बरा स्पीकर येतो आणि तो फरक मात्र बहिऱ्यालाही ऐकू येतो.

पत्रा आणि बोर्ड

२ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन बाजूंनी दुमडून घ्या. ऑक्टल सॉकेटला साधारण २९ मिलिमीटरचं छिद्र लागतं, १२एएक्स७ च्या सॉकेटला २२ चं, पण सॉकेट हातात आल्यावर मोजूनच होल सॉ चालवा. छिद्राच्या कडा कानशीने घासा. वायरचं कव्हर त्याच कडांवर कापलं जातं.

छिद्रं पाडण्याआधी ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवा, आणि ती डोळ्यांनी ठरवू नका. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर टेबलावर एकट्याने चालू करा, बाकीच्या तारांची टोकं टेप लावून बंद ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडा आणि तो हळूहळू फिरवा, सरकवा. एका कोनात घूं असा आवाज ठळक येतो, नव्वद अंश वळवला की जवळपास नाहीसा होतो. तिथेच पेन्सिलीने खूण करा. हे पंधरा मिनिटांचं काम पुढे गुणगुण शोधण्यात जाणारे कित्येक तास वाचवतं.

मूळ चॅम्पमध्ये मेण पाजलेल्या फायबरच्या पाटीवर भाग बसवलेले असत. त्या पाट्या वर्षानुवर्षं ओल धरून किंचित वीज वाहू लागतात. आपण मोटार वायंडिंगच्या दुकानात मिळणारी ३ मिलिमीटरची हायलम शीट घ्यावी, तीत पितळी आयलेट ठोकावेत, नाहीतर सरळ टॅग स्ट्रिप वापराव्यात.

जोडणी

पहिलं काम अर्थचं. मेन्सच्या वायरची हिरवी तार पत्र्याला स्वतंत्र बोल्टने, खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. त्या बोल्टवर दुसरं काही जोडायचं नाही. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला.

मग हीटर. दोन तारा घट्ट पिळा, पत्र्याच्या कोपऱ्यातून न्या. ६व्ही६ ला पिन २ आणि ७. १२एएक्स७ ला पिन ४ आणि ५ एकत्र करून एक तार, पिन ९ ला दुसरी. हीटरच्या दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर, आणि त्यांचा सांधा ६व्ही६ च्या कॅथोडला, म्हणजे पिन ८ ला जोडा. बरेच जण तो ग्राउंडला जोडतात. कॅथोडवर जोडला तर हीटर १८ व्होल्ट वर उचलला जातो आणि गुणगुण आणखी कमी होते.

५वाय३ च्या पिन २ आणि ८ ला ५ व्होल्टचं वायंडिंग, ४ आणि ६ ला हाय टेन्शनची दोन टोकं, त्याचा मध्य पहिल्या कंडेन्सरच्या वजा टोकाला. पिन ८ वरून सरळ झालेला डीसी बाहेर पडतो. तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे ६व्ही६ च्या पिन ३ ला, १० केमधून पिन ४ ला, म्हणजे स्क्रीनला, आणि पुढे २२ केमधून, मग एकेका १०० केमधून १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटना. ६व्ही६ ची ग्रिड पिन ५. १२एएक्स७ मध्ये १, २, ३ म्हणजे पहिल्या भागाची प्लेट, ग्रिड, कॅथोड आणि ६, ७, ८ म्हणजे दुसऱ्याची. सॉकेटच्या पिना खालून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या.

ग्राउंड एका रांगेत न्या: वीजपुरवठ्याचे, मग ६व्ही६ चे, मग १२एएक्स७ चे, आणि पत्र्याला जोड फक्त इनपुट जॅकपाशी. इनपुटची वायर शिल्डेड, शिल्ड एकाच टोकाला जोडलेली. फीडबॅकची २२ केची तार, जी स्पीकरपासून १२एएक्स७ च्या पिन ८ ला जाते, ती सध्या सुटीच ठेवा.

पहिल्यांदा वीज देताना

रेडिओ-टीव्हीच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड करा: एका सॉकेटच्या फेजमध्ये १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. डावा हात खिशात. मीटरची काळी वायर क्लिपने पत्र्याला अडकवलेली, लाल प्रोब उजव्या हातात. पायात रबरी चप्पल. शेजारी कुणीतरी असावं आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक असावं.

एकही व्हॉल्व्ह न लावता चालू करा. बल्ब विझलेला किंवा अगदीच मंद हवा. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एसी व्होल्टेज सगळी मोजा, लोड नसल्याने थोडी जास्तच येतील. मग बंद करून १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, नारिंगी उजेड दिसला पाहिजे. आता स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अँप कधीही चालू करू नका. आवाज जायला वाट मिळाली नाही की ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटं व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्शुलेशन फुटतं. व्हॉल्यूम शून्यावर, ५वाय३ लावा, चालू करा. बल्ब आधी उजळतो, मग थोडा मावळतो. तसाच उजळत राहिला तर ताबडतोब बंद.

सगळं ठीक असेल तर बल्ब काढून थेट मेन्सवर मोजा. ५वाय३ च्या पिन ८ वर ३१५ च्या आसपास, ६व्ही६ च्या प्लेटवर ३०५, पिन ४ वर २७०, १२एएक्स७ च्या प्लेटवर दीडशेच्या अलीकडेपलीकडे, त्याच्या कॅथोडवर सव्वा व्होल्ट. दहा टक्के इकडेतिकडे झालं तर काळजी नको. सगळ्यात महत्त्वाचा आकडा ६व्ही६ च्या पिन ८ वरचा. तो १६ ते २० मध्ये हवा. समजा १८ आला. १८ भागिले ४७० म्हणजे ३८ मिलिअँप. त्यातले ३ स्क्रीनचे वजा केले, उरले ३५. प्लेट आणि कॅथोडमधला फरक २८७ व्होल्ट. गुणाकार १० वॅट. ६व्ही६ ची मर्यादा १२ वॅट, म्हणजे व्हॉल्व्ह आरामात आहे. गुणाकार १२ च्या वर गेला तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावा.

शेवटी अँप बंद करून, व्होल्टेज शून्यावर आल्याचं मीटरने बघून, फीडबॅकची तार जोडा. पुन्हा चालू केल्यावर अँप किंचाळला तर घाबरू नका. फीडबॅक उलटा लागला आहे. बंद करा, पुन्हा शून्य मोजा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा, विषय संपला.

गुणगुण येत असेल तर

गिटारच हातात घ्या. सहाव्या तारेची तिसरी पट्टी (फ्रेट) दाबा, तो सूर ९८ हर्ट्झचा, अँपची गुणगुण त्याच्याशी जुळली तर ती १०० हर्ट्झची आहे. म्हणजे फिल्टर कंडेन्सर किंवा त्यांचं ग्राउंड. गुणगुण त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: हीटरच्या तारा, ट्रान्सफॉर्मरची जागा किंवा इनपुटचं शिल्ड. इनपुटची पिन काढल्यावर थांबली तर दोष अँपमध्ये नाहीच, गिटारच्या वायरमध्ये किंवा सिंगल कॉइल पिकअपमध्ये आहे. जवळ ट्यूबलाइटचा जुना चोक असेल तर तो बंद करून बघा.

खोकं आणि स्पीकर

मूळ चॅम्पचं खोकं पाइनच्या फळ्यांचं, कोपऱ्यांना बोटांसारखे खाचांचे सांधे. मशिनरीच्या पॅकिंगची खोकी फोडून विकणाऱ्यांकडे तसलं हलकं लाकूड स्वस्तात मिळतं. सागवान दिसायला देखणं, पण जड, आणि मला तरी पाइनचं खोकं जास्त मोकळं वाजतं असं वाटतं. स्पीकरची फळी प्लायची. मागची बाजू अर्धी उघडी ठेवा, आवाजासाठीही आणि हवेसाठीही. बाहेरून जाड सुती कापड सरसाने चिकटवा आणि वर लाखेचं पॉलिश मारा. मूळ अँपचं कापडही विणलेलं सुतीच होतं, आणि कापसाच्या मुलखात ते मिळणार नाही असं होत नाही.

स्पीकर ८ इंची, कागदी कोनाचा, १० वॅट किंवा जास्त. डीजेचा जाड रबराच्या कडेचा स्पीकर लावू नका. तो ५ वॅटवर हलतच नाही.

महिनाभर वाजवून झाल्यावर आवाज अजून भरीव हवा असं वाटलं तर १२एएक्स७ च्या पिन ३ च्या १.५ केला समांतर २५ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर लावा, गेन बराच वाढतो. फीडबॅकच्या तारेत एक छोटा स्विच घातला तर ती तोडल्यावर अँप लवकर फाटतो आणि रानटी वाजतो. ६व्ही६ कधीही बदललात, मग तो त्याच कंपनीचा का असेना, पिन ८ वरचा आकडा पुन्हा मोजून तो गुणाकार पुन्हा करा.